वेगाचा छंद आणि सत्पात्री दान

दान किती दिले यापेक्षा ते कोणाच्या हाती पोहोचले, या प्रश्नाला भारतीय परंपरेने नेहमीच अधिक मोल दिले आहे. ‘सत्पात्री दान’ हा शब्द त्याच जाणिवेतून आला. काळानुसार दानाची रूपे मात्र बदलत गेली. देवळातील दानपेटी, पूरग्रस्तांसाठीची मदतफेरी, मदतनिधीसाठीचे नाट्यप्रयोग आणि मॅरेथॉन या मालिकेत आता मोटारसायकलस्वारांचा ‘ट्रॅक डे’ही येऊन बसला आहे. पेट्रोल जाळून आणि टायर झिजवून पुण्य कसे जोडले जाणार, असा प्रश्न तो ऐकताच अनेकांच्या मनात उभा राहतो. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने द्यायला हवे.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त मार्ग एका दिवसापुरता भाड्याने घेतला जातो आणि शुल्क भरणारे हौशी चालक आपापल्या कौशल्यानुसार केलेल्या गटांतून त्यावर गाडी चालवतात. तेथे क्रमांक नसतात, चषकही नसतो. सकाळी सर्वांना सूचना दिल्या जातात. हेल्मेट व चामड्याचा संरक्षक पोशाख तपासला जातो. पिवळे निशाण दिसले की सावध व्हायचे, लाल दिसले की वेग कमी करून परतायचे, हा शिरस्ता सर्वांनी पाळायचा असतो. समोरून वाहन येत नाही, मध्येच पादचारी येत नाही, आणि रुग्णवाहिका हाकेच्या अंतरावर उभी असते. वेगाची हौस भागवायचीच असेल, तर ती भागवण्याची याहून जबाबदार जागा नाही. या दिवसाचे शुल्क, लिलाव व देणग्या यांतून उरलेली रक्कम एखाद्या सेवाकार्याला दिली, की छंदाला समाजाभिमुखता येते.

एका उपविजेत्याची देणगी

शर्यतीचे जग आणि सेवाकार्य यांची सर्वांत अर्थपूर्ण सांगड ब्रिटनमध्ये घातली गेली. अमेरिकन शर्यतपटू रँडी मॅमोला 500 सीसी गटाच्या जागतिक स्पर्धेत चार वेळा उपविजेता ठरला. विजेतेपदाने त्याला अखेरपर्यंत हुलकावणी दिली. 1980च्या दशकात त्याने आफ्रिकेतील मुलांसाठी निधी जमवण्यास सुरुवात केली. त्या निधीचे काय होते हे पाहण्यासाठी तो ब्रिटिश पत्रकार बॅरी कोलमन यांच्यासह सोमालियात गेला. आरोग्यसेवकांसाठी दिलेल्या मोटारसायकली तेथे नादुरुस्त होऊन पडल्या होत्या. इंजिनात वेळेवर तेल घालणारे कोणी नव्हते. क्षुल्लक सुटा भाग मिळत नव्हता. दाते गाडी देऊन मोकळे झाले होते आणि दूरच्या खेड्यातील बाळंतीण व लसीची वाट पाहणारे मूल जिथल्या तिथेच होते.

देखभालीवाचून यंत्र मरते, हे शर्यतीच्या जगात वावरणाऱ्याला शिकवावे लागत नाही. हेच साधे ज्ञान पुढे कामी आले. मॅमोला, बॅरी कोलमन आणि अँड्रिया कोलमन यांच्या पुढाकारातून ‘रायडर्स फॉर हेल्थ’ ही संस्था साकारली. अँड्रिया यांचे पहिले पती, शर्यतपटू टॉम हेरन, 1979 साली शर्यतीतील अपघातात मरण पावले होते. ज्या खेळाने इतके हिरावून घेतले, त्याच खेळाच्या माणसांना त्यांनी सेवाकार्याला जोडले. ब्रिटिश ग्रां प्रीच्या निमित्ताने भरणाऱ्या ‘डे ऑफ चॅम्पियन्स’मध्ये शर्यतपटूंचे हातमोजे, बूट व हेल्मेट लिलावात निघू लागले, आणि चाहत्यांच्या खिशातील पैसा लेसोथो, झिंबाब्वे, गाम्बिया अशा देशांतील आरोग्यसेवेकडे वळला.

घसारा विसरणारे दान

या कार्याचे खरे वैशिष्ट्य निधीच्या आकड्यात नव्हे, तो वापरण्याच्या रीतीत आहे. गाडीची किंमत हा भांडवली खर्च. तेल, टायर, सुटे भाग, चालकाचे प्रशिक्षण आणि कारागिराचे वेतन हा आवर्ती खर्च. पहिला दात्याला दिसतो, त्याचे छायाचित्रही निघते. दुसरा दिसत नाही. पण गाडी धावते ती त्याच्याच जोरावर. म्हणून या संस्थेने प्रत्येक किलोमीटरमागे येणाऱ्या खर्चाचा हिशेब मांडला, आरोग्यसेवकांना रोज गाडी तपासण्यास शिकवले आणि गाडी बंद पडण्यापूर्वीच तिची देखभाल करण्याचा नियम घातला. गाम्बियात 2009 साली स्कॉल फाउंडेशनच्या हमीवर गॅरंटी ट्रस्ट बँकेचे कर्ज घेऊन आरोग्य खात्यासाठी वाहनताफा उभारण्याची योजनाही आखली गेली. धर्मादाय कार्य कर्जफेडीच्या शिस्तीत बसू शकते, हे बँकेच्या ग्राहकाने अवश्य लक्षात घ्यावे असे उदाहरण आहे.

मोटारसायकल आणि जीवदान यांचे नाते भारतालाही अपरिचित नाही. पश्चिम बंगालमधील जलपैगुडी जिल्ह्यात चहामळ्यात काम करणारे करीमुल हक यांच्या आईला रुग्णवाहिकेअभावी प्राण गमवावे लागले. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या मोटारसायकलवरून रुग्णांना दवाखान्यात पोहोचवण्याचे व्रत घेतले; 2017 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी मुंबईच्या गर्दीत वाट काढण्यासाठी दुचाकी रुग्णवाहिकाही सुरू झाल्या. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचे कारी आणि 2011 साली सुरू झालेले ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट असे शर्यतमार्ग देशात आहेत. दुचाकीवर प्रेम करणाऱ्या तरुणांची तर वाण नाही. मार्ग आहेत, हौस आहे, गरजही आहे. त्यांची सांगड घालणारा विश्वास तेवढा निर्माण व्हायला हवा.

दोन आकडे, एक पथ्य

विश्वास हिशेबातून येतो. समजा, सहभागाचे शुल्क 10,000 रुपये आहे आणि मार्गाचे भाडे, वैद्यकीय पथक व भोजन यांवर माणशी 9,500 रुपये खर्च झाले. मग सेवाकार्याला उरले 500. यात लबाडी नाही. परंतु 10,000 रुपये दान केल्याचे समाधान कोणी घरी नेऊ नये आणि आयोजकांनीही ते कोणाला विकू नये. जमा किती झाले आणि खर्च वजा जाता पोहोचले किती, हे दोन्ही आकडे जाहीर झालेच पाहिजेत. अन्यथा ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ अशी गत व्हायची.

पथ्य सुरक्षिततेचे. अधिक रक्कम उरावी म्हणून डॉक्टर, रुग्णवाहिका किंवा मार्गरक्षक यांवरील खर्चात काटकसर करणे म्हणजे दुसऱ्याला वाचवण्यासाठी आपल्याच पाहुण्याला धोक्यात लोटणे. रस्त्यावरील वाहनाच्या नेहमीच्या विमापत्रात संघटित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते, हेही सहभागी चालकाने आधी वाचून घ्यावे.

एवढे करण्यापेक्षा सरळ धनादेश का देऊ नये, असे कोणी म्हणेल. ज्याला तसे देता येते, त्याने जरूर द्यावे. त्याचे दान अधिक निर्मळ आहे. पण माणूस आपल्या आवडीच्या वाटेने आला, की पैशाबरोबर आपले ज्ञानही आणतो. सोमालियातील त्या गाड्यांना आणखी धनादेशांची नव्हे, तेल घालणाऱ्या हाताची गरज होती, आणि ती ओळखली एका शर्यतपटूने. फूल ना फुलाची पाकळी देणाऱ्या प्रत्येकाने देताना एवढेच विचारावे: हे चाक उद्याही फिरत राहील ना?