गाडीचं वजन विचारा

दसऱ्याच्या आधी कुठल्याही शोरूममध्ये जाऊन उभे राहा, प्रश्न ठरलेलेच ऐकू येतील. ऑन-रोड कितीला पडेल? ॲव्हरेज किती देते? सनरूफ आहे का? स्क्रीन केवढी? सेल्समनकडे सगळ्याची उत्तरं तयार असतात. गाडीचं वजन किती आणि ती हवेला किती अडते, हे मात्र जवळपास कोणीच विचारत नाही. पुढची दहा-बारा वर्षं पेट्रोलपंपावर तुमचे किती पैसे जाणार, हे इंजिनाइतकंच या दोन गोष्टींवर ठरतं. म्हणून एक विनंती आहे. यंदा गाडी घेणार असाल, तर हे दोन आकडे मागा.

हिशोब साधा आहे. एक टन वजनाची गाडी सपाट रस्त्यावर नुसती लोळत ठेवायला साधारण दहा किलोचा रेटा लागतो. तो वजनाच्या प्रमाणात वाढतो, वेगाने फारसा बदलत नाही. हवेचं गणित वेगळं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. लहान हॅचबॅकला ताशी ५० किलोमीटरला हवा आठेक किलोने मागे रेटते, १०० ला तेहतीस किलोने. उंच, रुंद, खोक्यासारखी एसयूव्ही असेल तर १०० च्या वेगाला हाच रेटा पन्नास किलोच्या घरात जातो आणि समृद्धी महामार्गावर १२० ने निघालात तर सत्तरच्या. म्हणजे शहरात खर्च वजनाचा, महामार्गावर खर्च आकाराचा.

शहरात तर वजनाची किंमत दोनदा मोजावी लागते. सिग्नलवरून गाडी उचलताना जेवढं वजन हलवलं, तेवढी शक्ती पुढच्या सिग्नलला ब्रेक तापवण्यात जाते. घाटाचंही तसंच. खोपोलीहून खंडाळ्याला येताना गाडी सुमारे पाचशे मीटर वर चढते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा पाव भाग चाकांपर्यंत पोचतो असं धरलं, तर एक टनाच्या गाडीला निव्वळ ही उंची गाठायला सहाशे मिलिलिटर पेट्रोल लागतं आणि सोळाशे किलोच्या गाडीला जवळपास लिटरभर. आत माणसं तेवढीच.

वजनाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कंपनीच्या पत्रकात कधी छापलेली नसते. वजन एकटं वाढत नाही आणि एकटं कमीही होत नाही. सांगाडा जड केला की त्याला ओढायला मोठं इंजिन लागतं, थांबवायला मोठे ब्रेक, तोलायला जाड स्प्रिंगा, पेलायला रुंद टायर. मोठ्या इंजिनाला मोठी टाकी. या सगळ्यांचं वजन पुन्हा सांगाड्यावर येतं, की सांगाडा आणखी मजबूत करा. उलट दिशेनेही हे चक्र तसंच फिरतं. डिझाइन करणाऱ्याने सुरुवातीलाच शंभर किलो वाचवले, तर शेवटी त्याहून जास्त वाचतात. म्हणून हलकी गाडी कागदावरच हलकी करावी लागते. तयार गाडीची स्टेपनी काढून टाकणं म्हणजे हलकं डिझाइन नव्हे, ती नुसती काटकसर.

आकाराबद्दल एक गैरसमज पक्का आहे. नाक टोकदार असलं की गाडी हवा कापते, असं वाटतं. खरी मेख मागे असते. समोरच्या गोलसर भागावरून हवा सहज वळते, पण मागची बाजू एकदम तुटली की तिथे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती गाडीला मागे खेचत राहते. एडमुंड रुम्प्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात थेंबाच्या आकाराची गाडी मांडली होती. १९७९ मध्ये फोक्सवागनच्या वाऱ्याच्या बोगद्यात ती तपासली, तेव्हा तिचा ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, गुणांक ०.२८ निघाला. शंभर वर्षांपूर्वीची गाडी, आणि आजच्या बऱ्याच उंच गाड्या ०.३५ च्या आसपास रेंगाळतात! थेंबाला लांब शेपूट लागते, ही अडचण खरी. त्यावर श्टुटगार्टच्या वुनिबाल्ड काम यांनी १९३० च्या दशकात तोड काढली. छत मागे हळूहळू उतरवत न्यायचं आणि मग शेपूट सरळ कापायची. थेंबाच्या आकाराचा बराचसा फायदा तेवढ्यातच मिळतो. १९९९ ची पहिली होंडा इनसाइट या वाटेने गेली होती. ॲल्युमिनियमचा सांगाडा, झाकलेली मागची चाकं, गुणांक ०.२५.

मग अशा गाड्या रस्त्यावर का दिसत नाहीत? ऑडीची ए-टू आठवा. तीही १९९९ ची, ॲल्युमिनियमची, चार माणसं बसतील अशी. तिचं डिझेलचं खास मॉडेल साधारण ८५५ किलोचं होतं आणि शंभर किलोमीटरला तीन लिटर पुरत. बनवायला महाग पडली. ग्राहकाने किंमत ताडून पाहिली ती लांबीशी: एवढ्या पैशात एवढीशी गाडी? २००५ मध्ये उत्पादन थांबलं. पुढे फोक्सवागनने एक्सएल-वन काढली. वजन ७९५ किलो, गुणांक ०.१८९. पण कार्बन फायबरची, दोनच माणसांची, अवघ्या अडीचशे गाड्यांपुरती. माझ्या मते ती अभियांत्रिकीची कमाल होती. तुमच्याआमच्यासाठी धडा ए-टूचा आहे. ग्राहक किलोंऐवजी फुटांत मोजतो, तोवर कंपनी हलकेपणावर पैसा घालणार नाही.

आपले नियमही फुटांतच मोजतात. २००६ पासून चार मीटरहून कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाडीला करात सवलत आहे. वजनाचा त्यात उल्लेख नाही. मग कंपन्या लांबी छाटतात आणि उंची वाढवतात, म्हणजे हवेच्या दृष्टीने नेमकं उलट. इंधनवापराची मर्यादा आली, पण ती ठरवताना कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त असेल तर मर्यादाही सैल होते. हलकं करणाऱ्याला बक्षीस कुठे?

‘हलकी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा’ ही भीती मी उडवून लावणार नाही. सहाशे किलोच्या नॅनोला २०१४ च्या ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत शून्य तारे मिळाले होते. पण पुण्यातच तयार होणाऱ्या, जेमतेम टनभर वजनाच्या अल्ट्रोझने २०२० मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवले. फरक सांगाड्याच्या रचनेचा, पोलादाच्या प्रतीचा आणि एअरबॅगांचा. जड गाडीशी टक्कर झाली तर हलक्या गाडीतल्या माणसाला जास्त मार बसतो, हे खरंच आहे. म्हणून प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा जड गाडी घ्यायची ठरवलं, तर पायी चालणाऱ्याने काय घ्यायचं? तारे आणि वजन, दोन्ही बघा.

उंच गाडीसाठी दिलं जाणारं खड्ड्यांचं कारण मात्र मला मान्य आहे. आपल्या रस्त्यांवर ग्राउंड क्लिअरन्स लागतोच. पण त्यासाठी गाडी जमिनीपासून वर हवी. तिने छतापर्यंत भिंतीसारखं उभं असायची गरज नाही. आणि वर्षातून एकदा सगळं घर गणपतीला कोकणात न्यायचं म्हणून सात सीटची गाडी घेऊ नका. त्या आठवड्यापुरती भाड्याने आणा, उरलेले एक्कावन्न आठवडे रिकाम्या सीटा ओढत बसावं लागणार नाही.

इलेक्ट्रिक घेणार असाल तर बॅटरीमुळे वजन वाढणारच. ते हलवायला लागलेल्या ऊर्जेतली थोडी ब्रेक लावताना आणि घाट उतरताना परत मिळते. हवेला दिलेली मात्र परत मिळत नाही, म्हणून तिथे आकार जास्तच पाहा. मर्सिडीजच्या ईक्यूएक्सएक्स या प्रायोगिक गाडीने २०२२ मध्ये एका चार्जिंगवर हजार किलोमीटर ओलांडले, ते मुख्यतः ०.१७ या गुणांकाच्या जोरावर.

जुनीच गाडी चालवणाऱ्यांनी छतावरचं रिकामं कॅरियर आजच काढून ठेवावं. महामार्गावर ते फुकट पेट्रोल पितं. टायर थंड असताना दर पंधरवड्याला हवा तपासा. दरवाज्याजवळच्या स्टिकरवर आकडा लिहिलेला असतो. दिसायला भारी म्हणून रुंद टायर आणि मोठी ॲलॉय बसवू नका. एक्सप्रेसवेवर १०० ऐवजी ८० ने गेलात तर हवेचा विरोध तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी होतो.

नवी घेणार असाल, तर टेस्ट ड्राइव्हला बसायच्या आधी कर्ब वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, विचारा. पत्रकात नसेल तर सेल्समनला मॅनेजरकडे पाठवा आणि आकडा लिहूनच घ्या. पाचजणांची सोय सारखीच असलेल्या दोन गाड्या शेजारी ठेवून किलोंची तुलना करा. ड्रॅगचा आकडा मागितलात की बहुतेक ठिकाणी गोंधळलेले चेहरे दिसतील. मग ड्राइव्हनंतर जो अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात, त्यात तेच लिहा: हे दोन आकडे किमतीच्या शेजारी छापा.