बाळाने पहिली शी कधी केली? हा प्रश्न डॉक्टर का विचारतात?

तान्ह्या बाळाला दोन-तीन दिवस शी झाली नाही की घरात बेंबीभोवती हिंगाचा लेप, एरंडेल, विड्याच्या पानाचं देठ असे उपाय सुरू होतात. बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतंही. महिना-दीड महिन्यानंतर फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ चार-पाच दिवस शी न करता मजेत राहू शकतं. पण साधारण 5,000 पैकी एका बाळाच्या बाबतीत कारण वेगळं असतं, ते म्हणजे हर्शस्प्रुंग आजार.

डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये बर्लिनमध्ये अशा दोन बाळांची माहिती मांडली. दोघांचं मोठं आतडं प्रचंड फुगलेलं होतं. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं दोष फुगलेल्या भागातच शोधला गेला. खरी गडबड मात्र त्याच्या खालच्या, वरवर ठीक दिसणाऱ्या भागात होती.

नेमकं काय होतं?

गर्भात मज्जापेशी आतड्यातून वरून खाली सरकत जातात. हा प्रवास अर्धवट राहिला तर आतड्याच्या शेवटच्या भागाला 'ढकल' हा आदेशच मिळत नाही. तो भाग आवळलेला राहतो आणि मागे सगळं तुंबतं. मुलांमध्ये हा आजार मुलींच्या सुमारे चौपट आढळतो. आईच्या खाण्यापिण्याशी त्याचा संबंध जोडू नये.

देठ लावल्यावर जोरात हवा आणि शी बाहेर येते, पोट उतरतं. घरच्यांना वाटतं, उपाय लागू पडला. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र ही संशयाची खूण असते!

कधी सावध व्हायचं?

जन्मानंतर 48 तासांत काळी, चिकट शी झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली तर थांबू नका. ताप आणि दुर्गंधीयुक्त जुलाब असतील तर आतड्याचा जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो.

अडचण वेळेची आहे. नॉर्मल डिलिव्हरीनंतर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात आणि हा प्रश्न तिथेच सुटून जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत नऊ जन्मदोष आहेत, त्यात हा नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी घरी येणाऱ्या आशाताईंना ही नोंद सांगणं घरच्यांच्याच हातात उरतं.

निदान गुदाशयाच्या छोट्या तुकड्याच्या बायॉप्सीने पक्कं होतं. मज्जापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडं खाली जोडतात. अनेकदा पोटावर टाका न घालता, गुदमार्गातूनच.