माडीवरचं रेशीम, परदेशातला भाव

शेतीला जोडधंदा हवा, हे आम्ही विस्ताराचं काम करणारे गावोगाव सांगत फिरतो. त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर आधीच किती कर्ज आहे आणि त्याचा माल कोण, कोणत्या भावाने घेणार, हे मात्र मागाहून विचारतो. एकोणिसाव्या शतकातल्या जपानी रेशीम शेतकऱ्यांची हकिकत म्हणूनच नीट पाहिली पाहिजे.

जपानी रेशीम म्हटलं की तोमिओकाच्या गिरणीचं कौतुक होतं. १८७२ साली सरकारने पॉल ब्रुना या फ्रेंच जाणकाराच्या देखरेखीखाली ती सुरू केली. पण धंदा पेलला तो गुन्मा, नागानो, फुकुशिमाकडच्या छोट्या शेतकऱ्यांनी. डोंगराळ मुलूख, भाताला जमीन थोडी. मग बांधावर, माळावर तुती लावायची आणि राहत्या घराच्या माडीवर अळ्या वाढवायच्या. चौथी कात टाकली की अळी रात्रंदिवस खात सुटते. एकूण पाल्याचे पाचातले चार हिस्से या शेवटच्या आठवड्यातच फस्त होतात. त्या दिवसांत घरात कोणाला धड झोप नसे. काम मुख्यतः बायकांचं. तिकडे अळीलासुद्धा आदराने 'ओ-काइको-सामा' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत अळीसाहेबच! आपण बैलाला पोळ्याला एक दिवस मान देतो, त्यांचा मान महिनाभर चाले.

१८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला उघडलं. त्याच सुमारास फ्रान्स-इटलीत पेब्रिन रोगाने रेशीम किडे मरत होते. जपानी अंडीपुंजांना सोन्याचा भाव आला. शिमामुरा गावच्या ताजिमा याहेई यांनी माडीवर हवा खेळती ठेवून अळ्या निरोगी राखायची पद्धत बसवली, घराच्या छपरावर हवेसाठी आणखी एक लहान छप्पर चढवलं आणि १८७२ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. पुढे ते अंडीपुंज विकायला थेट इटलीला गेले. शेतकरी कमी पडला नाही तो असा. पण पाश्चरने मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी अंडी निवडायची रीत दाखवली, युरोप सावरला आणि ही मागणी ओसरली. (आपल्याकडचे रोगमुक्त अंडीपुंजही याच तपासणीतून येतात.)

खरा घाव पुढे बसला. १८७३ पासून जमीनसारा रोखीत भरावा लागे, पीक कसंही येवो, भाव काहीही असो. १८८१ नंतर अर्थमंत्री मात्सुकाता यांनी चलन आवळलं, त्यात परदेशात रेशमाचे भाव पडले. चांगल्या भावाच्या भरवशावर काढलेलं कर्ज तेवढंच राहिलं, कोष मात्र मातीमोल झाले. १८८४ च्या नोव्हेंबरात चिचिबू खोऱ्यातले हजारो शेतकरी उठले. मागणी काय, तर कर्ज दहा वर्षं तहकूब करा, मग चाळीस वर्षांच्या हप्त्यांनी फेडू. म्हणजे कर्ज बुडवायचं नव्हतंच. सावकारांची घरं फोडली, कर्जखतं जाळली. सरकारने लष्कर पाठवलं, दहा-बारा दिवसांत सारं चिरडलं, म्होरक्यांना फाशी झाली.

त्यांच्या अळ्या चांगल्या होत्या, पाला चांगला होता, मेहनतीत तर खोट नव्हतीच. आमच्या कार्यशाळांत चर्चा नेमकी याच तीन गोष्टींवर होते. मराठवाड्यातला शेतकरी कोषांची पोती घेऊन कर्नाटकात रामनगरच्या बाजारापर्यंत जात आला आहे. तुती लागवडीचं उद्दिष्ट ठरवण्याआधी बाजाराचा आणि हप्त्यांचा विषय बैठकीत घ्यायला काय हरकत आहे?

त्याच गुन्मात १८७८ साली उसुई-शा ही शेतकऱ्यांची संस्था निघाली होती. सभासद आपले कोष घरीच हातरहाटावर कातत, व्यापाऱ्याला विकत नसत. सूत एका जागी आणून पुन्हा एकसारखं गुंडाळायचं, प्रत लावायची आणि संस्थेच्या एकाच छापाखाली विकायचं. गिरण्या वाढत असतानाही या हातसुताला परदेशी गिऱ्हाईक मिळत राहिलं.