इंग्रजीत बोलायची वेळ आली की…

मैत्रिणींनो, वर्षभराचे आकडे तुम्ही गोळा करायचे आणि ‘माझं इंग्रजी कच्चं’ म्हणून प्रेझेंटेशन मात्र शेजारच्या टेबलावरच्यांनी करायचं; मग नाव कुणाचं होणार, सांगा बरं! यंदा स्वतःच उभ्या राहा.

आधी आपलं म्हणणं मराठीत ३-४ वाक्यांत मांडा. मग इंग्रजी, तेही आखूड वाक्यांत. सगळं घोकू नका, एक शब्द निसटला की गाडीच अडते. पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं. १० मिनिटांत हजार-बाराशे शब्दच मावतात, तेव्हा घड्याळ लावून मोठ्यांदा म्हणून पाहा. पोळ्या लाटताना म्हटलंत तरी चालेल, पण मनातल्या मनात नको.

खरी मेख आहे ती उच्चारात. इंग्रजीत शब्दातल्या एखाद्या अक्षरावर जोर येतो, आपण सगळी सारखीच म्हणतो. ‘इकॉनॉमी’त जोर ‘कॉ’वर, तर ‘इकॉनॉमिक’मध्ये ‘नॉ’वर! आपल्या कामातले असे शब्द शब्दकोशात पाहून ठेवावेत. ऐकणारे परदेशी असतील तर लाख-कोटी त्यांना कळायचे नाहीत. १० लाखांचा एक मिलियन, कोटीचे दहा.

आणि पडद्याकडे तोंड करून वाचत बसू नका हं, वाचता त्यांनाही येतं! प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ म्हणून मोकळं व्हावं.