आरोग्य विकत मिळते काय?

हल्ली कोणत्याही पेठेत पाऊल टाकावे, तो ‘नैसर्गिक’, ‘अपायरहित’ अशा विशेषणांनी मढविलेल्या चूर्णांच्या व काढ्यांच्या जाहिराती डोळ्यांपुढे येतात. मधुमेहापासून अर्धांगवायूपर्यंत सर्व व्याधी एका डबीने निर्मूळ करण्याची ग्वाही त्यांत दिलेली असते. देशी विद्येचा अभिमान आम्हांस कोणाहून कमी नाही. परंतु अभिमान ही एक गोष्ट व विक्रीची हाकाटी ही दुसरी. या दोहोंची गल्लत होऊ लागली असता विचारी माणसाने स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

नैसर्गिक आरोग्यमार्गाचा खरा वस्तुपाठ औंधाने घालून दिला आहे. तेथील अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडो या युरोपीय मल्लाची पुस्तके व साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे १९०८ मध्ये मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून त्यांनी सूर्यनमस्कार आरंभिले, आणि संस्थानच्या शाळांतून ते मुलांमुलींस शिकविले. १९३८ मध्ये त्यांचा याविषयीचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. नमस्कार मात्र जगभर पसरले.

या मार्गास भांडवल किती लागते? सतरंजीएवढी जागा, मोकळी हवा व पहाटे उठण्याचा निश्चय. त्यात डबी नाही, दलाल नाही. जो मार्ग फुकट शिकविला जातो त्याच्या प्रचारात लबाडीस वाव थोडा, हे व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.

तथापि या मार्गाचीही मर्यादा ओळखली पाहिजे. औंधास अनेक वर्षे राहिलेले पंडित सातवळेकर शंभरी ओलांडून १९६८ मध्ये निवर्तले, हे खरे. पण एका साक्षीदारावर खटला सिद्ध होत नाही. नियमित व्यायामाने मधुमेह्याची साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. परंतु ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याचे प्राण नमस्कारांनी वा कोणत्याही पाल्याने वाचत नाहीत. १९२२ मध्ये इन्सुलिन प्रथम टोचले जाण्यापूर्वी अशी मुले दगावतच असत. वनस्पती आहे म्हणून ती निरुपद्रवी, हेही गृहीत धरता येत नाही. करोनाच्या साथीत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तीवर आक्षेप घेतला. असा वाद सुटावयाचा तो पुराव्याने, घोषणांनी नव्हे.

कायदा नाही असेही नाही. औषधे व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींस आळा घालणारा १९५४ चा कायदा अमलात आहे. मधुमेह, कर्करोग आदि व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात त्याने निषिद्ध ठरविली आहे. पण फिर्यादीवाचून कायदा निजूनच राहतो. म्हणून आमची सूचना अशी की, अशी जाहिरात दिसताच नागरिकांनी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. दुकानदारांनी असा माल ठेवू नये. वृत्तपत्रांनी असल्या जाहिरातींचा पैसा नाकारावा. आणि चालू औषध वैद्य-डॉक्टरांस विचारल्यावाचून कोणी सोडू नये. निसर्गाच्या नावाने चाललेला हा बाजार थांबला, तरच औंधाने दाखविलेल्या वाटेचा मान राहील.