आमचं हसणं कुठल्या रकान्यात?



गणपतीत निपाणीला चुलतभावाकडं गेलो होतो. आरती झाली, जेवणं झाली आणि त्याची आठवीतली मुलगी मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसली. 'दिल दोस्ती दुनियादारी'चे तुकडे बघत होती. मालिका सुरू झाली तेव्हा ही बालवाडीतसुद्धा नव्हती. "काका, ह्याचे पुढचे भाग का काढले नाहीत?"

मार्च 2015 मध्ये सुरू झालेली ती मालिका फेब्रुवारी 2016 मध्ये थांबली. तेव्हा मी बेंगळूरला नोकरीत नवा होतो. पीजीत आम्ही चौघे: दोघे बेळगावचे, एक खानापूरचा, एक चंदगडचा. दिवसभर ऑफिसात इंग्रजी, दुकानात कन्नड, आणि रात्री अर्धा तास 'माजघर'मधली ती सहा पोरं. शेवटचा भाग संपल्यावर टीव्ही बंद करायला कुणी उठेना.

वर्षभरानं तेच सहा कलाकार घेऊन 'दिल दोस्ती दोबारा' आली. चेहरे तेच, नावं आणि गोष्ट वेगळी. माझं मत विचाराल तर ते चुकलंच. अमेय वाघ आमच्यासाठी कैवल्य होता. त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली की पीजीत कुणीतरी दुरुस्ती करायचंच. सहा महिन्यांत तीही संपली. उलट 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लोकांना हवी असतानाच थांबवली, म्हणून आमच्या घरी ती आजही परत परत लागते.

पण थांबवणं वेगळं आणि बंद पाडणं वेगळं. 'साराभाई वर्सेस साराभाई' 2006 मध्ये टीआरपी नाही म्हणून गेली. नंतर लोकांनी ती इतकी पाहिली की 2017 मध्ये वेबवर परत आणावी लागली. म्हणजे तिच्यावर हसणारे होते. मोजणीत दिसले नाहीत, इतकंच.

इथं मला आपलं गाऱ्हाणं मांडायचंय. टीआरपी मोजणाऱ्या बार्क संस्थेचे मीटर देशभरातल्या ठराविक घरांत बसवलेले असतात आणि आकडे बाजारपेठेप्रमाणं लावले जातात. मराठी वाहिन्यांच्या साप्ताहिक यादीवर बाजारपेठ लिहिलेली असते महाराष्ट्र-गोवा. कन्नड वाहिन्यांच्या यादीवर कर्नाटक. आता निपाणीतल्या एखाद्या घरात मीटर असलाच, आणि ते घर रोज मराठी विनोदी मालिका बघून लोळत असलं, तरी ते हसणं त्या मराठी यादीत कुठून येणार? मी डेटाचंच काम करतो. ज्या गावासाठी रकानाच ठेवलेला नाही, त्या गावात माणसं राहतात हे कुठल्याच तक्त्यावरून कळत नाही.

आणि जे मोजलं जात नाही, त्यांच्यासाठी कुणी लिहीत नाही. आपली बोली मालिकेत आली तर चार वाक्यांपुरती, गावाकडच्या मामाच्या तोंडी. बेळगावच्या माणसाला बेळगावच्याच मराठीत प्रेमानं उभं केलेलं पाहायचं तर अजूनही 'गणगोत'मधल्या पु.लं.च्या रावसाहेबांकडं जावं लागतं. ते पुस्तक माझ्या जन्माच्या आधीचं.

हे सगळं तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तुमचं का बंद पडलं?"

सापडलो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही मित्रांनी एक वेबमालिका केली होती. हॉस्टेलची खोली, उसना कॅमेरा, कॅम्पातल्या बेकरीबाहेर शूटिंग. पहिल्या दोन भागांत सगळे घरात बोलतो तसं बोलत होते. "काय करालायस?", "येतो खरं उशीर होईल." नायिकासुद्धा "मी जातो" म्हणायची, आपल्याकडच्या मुली म्हणतात तशी. लोकांनी फोन करून सांगितलं की आई-आजीला दाखवलं. मग पुण्यातल्या एका ओळखीच्यानं सल्ला दिला की भाषा जरा साफ करा, तरच महाराष्ट्रात चालेल. तिसऱ्या भागात आम्ही भाषा साफ केली. नायिका "मी जाते" म्हणाली. तिलाच ते म्हणताना हसू येत होतं. खुद्द आमच्या आयांनीसुद्धा तो भाग पूर्ण बघितला नाही. चौथा लिहिला, काढला नाही. नोकऱ्या लागल्या, हे कारण आम्ही सगळ्यांना सांगतो.

आम्हाला कुठल्या वाहिनीनं बंद केलं नव्हतं. रकाना आम्हीच बदलला होता.

तिनं तिथल्या तिथं पहिला भाग शोधून काढला. नायिका "मी जातो" म्हणाल्यावर आतून वहिनी हसत बाहेर आल्या. "ही कुणाची रे पोरगी, आपल्यासारखी बोलायलीया?"

चौथ्या भागाचं लिखाण जुन्या हार्ड डिस्कवर आहे, तिला पाठवतो म्हणून कबूल केलंय. तिच्या वर्गात पाच-सहा जणी तयार आहेत म्हणे. फक्त बेकरीचा सीन बदलावा लागेल, ती बेकरी आता मोबाईलचं दुकान झालीय.