गाणारे मनोवैद्य

दहावीचे वर्ष लागले की पुष्कळ घरांत पेटी माळ्यावर चढते. आम्हांस हे रुचत नाही. आपल्याच जिल्ह्यात, ठाण्यास, डॉ. आनंद नाडकर्णी हे मनोविकारतज्ज्ञ आहेत. १९९० साली त्यांनी तेथे मानसिक आरोग्याकरिता संस्था स्थापिली. हेच गृहस्थ नाटके लिहितात, गीते रचितात व ती गातातही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. परंतु ‘ह्याला ठाण्यास धाडा’ ही थट्टा भिवंडीत अद्याप जुनी झालेली नाही! त्या थट्टेच्या भयाने जो मनोवैद्याची पायरी चढत नाही, तो त्याचे गाणे ऐकावयास मात्र निःशंक बसतो. आणि ऐकता ऐकता मनातले बोलूही लागतो. आमच्या वर्गातील एका मुलाची पेटी जूनपासून माळ्यावर आहे. दिवाळीपूर्वी ती खाली उतरवावी, अशी त्याच्या वडिलांस आमची विनंती आहे.